खिडकीजवळची खुर्ची

माझ्याबद्दल बोलताना लोकांना 'जिद्द' हा शब्द फार आवडतो. कंपनीच्या भिंतीवर माझा फोटो लागला तेव्हा त्याखाली तो होता. परवा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी शाल-नारळ दिला, तेव्हा अध्यक्षबाईंच्या भाषणात तो पाच वेळा आला. मी मोजला. डोळे गेल्यापासून असल्या गोष्टी मोजायला भरपूर वेळ मिळतो. जिद्द कसली डोंबलाची! मला नोकरी कशी लागली ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आईला नाही आणि नवऱ्यालाही नाही. आता सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते जड आहे तेच ठीक आहे. पण ती शाल खांद्यावर घेऊन बसले असताना मला स्वतःची इतकी किळस आली, की घरी येऊन फोनला तोंडी सांगून हे लिहून घ्यायला सुरुवात केली. फोन सुनंदाचं नाव दर वेळी नीट लिहितो. माझंच कधीकधी चुकवतो.

आम्ही दापोडीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा खडकीला एका कारखान्यात लेथवर होते. लग्नानंतर दोघं वर्ध्याकडून इकडे आले आणि इकडचेच झाले, पण आईच्या जिभेवरचं वर्धा काही गेलं नाही. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्यावर आईचा गॅस पेटायचा, आणि तव्यावर पहिली पोळी पडायच्या सुमाराला लोणावळ्याकडून येणारी गाडी जायची. मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर वाजायच्या. त्या वाजल्या की बाबा म्हणायचे, "चला, निघतो." घड्याळ होतं भिंतीवर, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. बाबा आयुष्यभर उभ्याने काम केलेले. रात्री पाय कोमट पाण्यात सोडून बसायचे आणि मला सांगायचे, "वैशू, तू खुर्चीवर बसून काम करायचंस. बाकी काही मागत नाही मी." त्यांनी खरंच कधी काही मागितलं नाही.

माझे डोळे जन्मापासून असे नव्हते. प्राथमिक शाळेत असताना दिवेलागणीनंतर ठेचा लागायला लागल्या. मग बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तेवढंच. म्हणजे मला फळ्यावरचं अक्षर वाचता यायचं आणि त्याच वेळी शेजारून येणारी सायकल दिसायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ही नळी बारीक होत जाईल, औषध नाही. शेजाऱ्यांना हे कधीच पटलं नाही. "वाचता येतं तिला, मग दिसत कसं नाही? सगळी नाटकं." आई उंबऱ्यात उभी राहून भांडायची, "माझ्या पोरीले दिसते. सारं दिसते." तेही खोटंच होतं. पण घरात तिने नियम केला होता: कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. बादली मोरीच्या डाव्या कोपऱ्यात, पाट दारामागे, चपला उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून. एकदा माझ्या धाकट्या भावाने बादली मधेच ठेवली आणि मी तिच्यावर आदळून पडले, तेव्हा आईने त्याच्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच तिने त्याला मारलं असेल. "बादली नाही, तू तिचे डोळे हलवले," म्हणाली. तो अजून ती गोष्ट सांगतो, हसत हसत.

बी. कॉम. झाले आणि घरी बसले. अर्ज करायचे, बोलावणं यायचं, अपंगत्वाचा दाखला बघितला की 'कळवतो' म्हणायचे. कळवत कुणीच नसे. वर्षभराने कुणीतरी बुधवार पेठेतल्या वर्गाचा पत्ता दिला. शिकून झालेल्या, पण नोकरी न लागलेल्या आमच्यासारख्या मुलामुलींना तिथे कम्प्युटर आणि मुलाखतीची तयारी शिकवायचे. दोन खोल्या, वर गच्ची, खाली स्पीकर-अँप्लिफायरची दुकानं. दिवसभर खालून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' चालायचं आणि वर आमचे दोन कम्प्युटर त्यांच्या यंत्राच्या आवाजात इंग्रजी वाचायचे. बोलणारा कम्प्युटर तेव्हा पुण्यात किती जणांनी ऐकला असेल कोण जाणे. स्क्रीनवर जे येईल ते तो मोठ्याने म्हणायचा, आणि आम्ही खालच्या माइकवाल्याला शिव्या देत कान देऊन ऐकायचो.

वर्ग चालवायच्या लिमये मॅडम. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेने तिखट. फी घेत नसत. पहिल्या दिवशी माझी आई त्यांना माझी करुण कहाणी सांगायला लागली तर म्हणाल्या, "अहो, आपण इथे बसून रडणार असाल तर मुलगी कधी शिकणार? दया हवी असेल तर खाली चार पावलांवर देऊळ आहे. इथे टायपिंग शिकवतात." आईला राग आला, मला बाई आवडल्या. कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी चिडून बोललं होतं. त्यांचं आमच्यावर प्रेम होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. म्हणूनच त्यांना माफ करणं जास्त अवघड जातं.

सुनंदा मला तिथेच भेटली. ती जुन्नरकडची, मंडईत गाळा असलेल्या मावशीकडे राहायची. तिला जन्मापासून काहीच दिसत नव्हतं, उजेडसुद्धा नाही. पण त्या बोलक्या कम्प्युटरवर ती इतकी भरभर चालायची, की तो एक वाक्य पुरं म्हणायच्या आत तिची पुढची तीन झालेली असत. तिने त्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता, की आम्हाला नुसती चिवचिव ऐकू यायची. "तुमी हळू ऐकता गं," म्हणायची. "डोळं हायेत म्हून कानाला कामच नाय." रस्त्याने जाताना ती माझं कोपर धरायची, आणि संध्याकाळ झाली की कोण कुणाला नेतंय हे सांगणं कठीण व्हायचं, कारण मला दिसेनासं व्हायचं आणि तिला काही फरक पडत नसे. मग तीच पुढे व्हायची, काठीने खड्डा शोधायची आणि म्हणायची, "या वैशालीबाई, सांभाळून." आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात हसत उभ्या राहायचो आणि लोक अंगावरून शिव्या देत जायचे. इतकं मी पुढे कुणाबरोबरच हसलेले नाही.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. आई गोळाभात करायची. वाफेवरच्या भातात बेसनाचे तिखट गोळे, वर लसूण-मोहरीची कडकडीत फोडणी. सुनंदा दारातूनच सांगायची, "काकू, आज लसूण जास्त झालाय." आई खूश. बाबा तिला पेपर वाचून दाखवायचे, अग्रलेखसुद्धा, आणि ती त्यांच्याशी वाद घालायची. एकदा बाबा मला म्हणाले, "या पोरीला तुझ्याआधी नोकरी लागायला पाहिजे. तुझ्यापेक्षा हुशार आहे." मला राग आला नाही, कारण ते खरंच होतं. तेव्हा मी अजून बरी मुलगी होते.

आता लिमये मॅडमची पद्धत सांगायला हवी. त्या अर्जावर सगळ्यांच्याच नावापुढे 'अंशतः दृष्टी' लिहायच्या, सुनंदाच्याही. "पूर्ण अंध लिहिलं की पाकीटसुद्धा फोडत नाहीत. आधी आत जा, बोला, काम दाखवा. मग सांगू या." दाखले मागितले तर म्हणायच्या, रुजू होताना आणून देऊ. आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी स्वतः त्या ऑफिसात जाऊन यायच्या. काहीतरी निमित्त काढून खोली बघायच्या, दारापासून खुर्ची किती पावलं, टेबल कुठल्या हाताला, साहेब कुठे बसतात, सगळं कागदावर. मग आमच्या गच्चीवर बाकं मांडून हुबेहूब ती खोली तयार व्हायची आणि तालीम चालायची. दार उघडा, नमस्कार, सात पावलं, उजवीकडे वळा, बसा. पुन्हा. पुन्हा. आम्ही त्याला सप्तपदी म्हणायचो. मॅडमचा एकच कडक नियम होता: चाचपडायचं नाही. "हात पुढे आले की मुलाखत संपली, समजा. बघणारा माणूस खुर्ची शोधत नाही, बसतो." काठी घडी करून पर्समध्ये. सुनंदाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, पन नोकरी लागल्यावर रोजचं कसं करायचं?" मॅडम म्हणाल्या, "आधी लागू तर दे." आज हे सांगताना मला वाटतं, एवढ्या शहाण्या आम्ही सगळ्या, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की खोटं हे नेहमी दुसऱ्याच बाजूने फुटतं.

हिंजवडीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. दोन जागा होत्या. परदेशातल्या ग्राहकांचे अर्ज कम्प्युटरवर तपासायचं काम. दोन जागा आणि आम्ही दोघी, हे मुद्दाम सांगते. तिची जागा मी घेतली असती तर निदान हव्यासापोटी घेतली असं तरी म्हणता आलं असतं. मॅडम आदल्या दिवशी जाऊन आल्या, गच्चीवर बाकं लागली, सुनंदाने ती सात पावलं वीस वेळा टाकली. शेवटी शेवटी तर इतक्या सफाईने बसायची, की पलीकडच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "हिला दिसतं वाटतं!" मॅडम पहिल्यांदाच हसलेल्या मी ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने तिघी गेलो. तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मधून म्हशी जात होत्या. फाटकावर मॅडमना थांबवलं, फक्त उमेदवारांचे पास होते. आत गेल्यावर सुनंदाने माझं कोपर घट्ट धरलं. "वैशू, हितं पायाचा आवाजच येत नाय गं." जमिनीवर जाड गालिचा होता. आमच्या गच्चीवर फरशी होती. तिथे तिला पायाच्या आवाजावरून भिंत कुठे, टेबल कुठे ते कळायचं. इथे काहीच नाही, नुसती गार हवा. "पावलं मोज," मी म्हटलं. "मोजते," म्हणाली. तिने मावशीचा नवा दुपट्टा घेतला होता, त्याला मंडईतल्या कोथिंबिरीचा वास येत होता. दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आधी तिला बोलावलं.

मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. नमस्कार. मग काही क्षण काहीच नाही. मग गालिच्यावर पोतं पडावं तसा आवाज, आणि एकदम तीन माणसांचं बोलणं. पुढे मी तिथेच नोकरी केली, त्यामुळे आत काय झालं ते मला नंतर पुष्कळदा ऐकावं लागलं. गमतीचा किस्सा म्हणून. एचआरचा रोहित नावाचा मुलगा होता, आमच्याच वयाचा, मनाने चांगला. त्याने अर्जावर 'अंशतः दृष्टी' वाचलं, रात्री इंटरनेटवर माहिती काढली, आणि कमी दिसणाऱ्यांना भरपूर उजेड लागतो हे वाचून सकाळी स्वतःच्या हाताने ती खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेवली. सुनंदा सात पावलं चालली, उजवीकडे वळली, हात पुढे न करता, अगदी शिकवल्याप्रमाणे, ऐटीत बसली. खाली काही नव्हतं.

"सॉरी, सॉरी! चेअर विंडोपाशी आहे," रोहित म्हणत होता. "फॉर्मवर लो व्हिजन लिहिलं होतं ना, म्हणून मी लाइटमध्ये ठेवली." मग एका बाईंचा आवाज आला, त्या तिथल्या मॅनेजर होत्या. "एक मिनिट. म्हणजे यांना अजिबातच दिसत नाही?" सुनंदाने सांगितलं, "नाय दिसत मॅडम. पन काम येतं. कम्प्युटरवर बसवून बघा, बोलणारा प्रोग्रॅम मी सीडीवर आणलाय." बाई म्हणाल्या, "प्रश्न कामाचा नाही. फॉर्मवर खोटं लिहिलंय. आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. चांगल्या माणसांची हीच तर पंचाईत असते, त्यांना फसवलं की ती दुखावतात आणि मग त्यांच्यापुढे काही चालत नाही. पाचव्या मिनिटाला सुनंदा बाहेर आली. रोहितने तिला हात धरून माझ्या शेजारी बाकावर बसवलं आणि माझं नाव पुकारलं. मी तिला "लागलं का?" एवढंसुद्धा विचारलं नाही. उठले आणि आत गेले.

खुर्ची खिडकीजवळ होती, मला दिसली. मी जाऊन बसले. उजेड खरंच छान होता. मॅनेजरबाईंनी माझा अर्ज हातात धरला होता. "तुमचंही असंच आहे का?" मी म्हटलं, "नाही मॅडम. मला दिसतं." त्यांनी एक छापील कागद दिला, मी घडाघडा वाचून दाखवला. बाजूचं दिसत नाही, अंधारात दिसत नाही, पुढे मुळीच दिसणार नाही, यातलं अवाक्षर काढलं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्यांना काहीच दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं? तुम्ही एकत्र आलात ना?" मला काय म्हणता आलं असतं? म्हणता आलं असतं, हो, माहीत होतं, ती माझी मैत्रीण आहे, माझ्या दुप्पट वेगाने काम करते, तो अर्ज आमच्या बाईंनी भरला कारण तुम्ही लोक खरा अर्ज उघडत नाही. हे सगळं मी नंतर हजार वेळा म्हटलं आहे, उशीत तोंड खुपसून. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे पाण्यातले पाय आले, आणि मी म्हणाले, "एकाच वर्गात असू मॅडम. पण आमची फारशी ओळख नाही."

शब्द तोंडातून किती सहज गेले याचंच मला अजून नवल वाटतं. घाम नाही, अडखळणं नाही. गच्चीवर तालीम केल्यासारखे गेले. त्या म्हणाल्या, "गुड. तुम्ही प्रामाणिक आहात हे आवडलं." तिथल्या तिथे मला घेतलं.

फाटकाबाहेर मॅडम उन्हात उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. त्या सुनंदावर उखडल्या, "अगं, बसण्याआधी खुर्ची चाचपायची नाही का?" परतीच्या वाटेवर सुनंदाने माझं कोपर धरलं नाही, मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून रिक्षात चढली आणि कोपऱ्यात सरकून बसली. मला वाटलं, कमरेला लागलंय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "चला, एकीला तरी लागली." आमच्या घरी पेढे वाटले. बाबांनी कारखान्यात वाटले, आईने ज्या ज्या शेजारणीने 'नाटकं' म्हटलं होतं तिच्या तिच्या दारात नेऊन दिले. त्या रविवारी गोळाभात झाला आणि आईने चार पानं मांडून सुनंदासाठी पाचवं काढलं. सुनंदा आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. "काहून येऊन नाही राहिली ती पोरगी?" आईने विचारलं. मी सांगितलं, गावी गेली. दापोडीहून मंडई काही लांब नव्हती. मी गेले नाही.

नोकरी चांगली होती, खुर्चीही चांगली होती, चाकांची. मी रोज काचेच्या दारांवर आदळायचे आणि 'लक्ष नव्हतं' म्हणून हसायचे. कुणी बाजूने हात पुढे केला तर मला दिसायचा नाही. मग माझं नाव घमेंडखोर पडलं. अंधार पडायच्या आत बस गाठायला मिळावी म्हणून घरच्यांच्या कडकपणाच्या खोट्या गोष्टी सांगायचे, आणि बिचारे बाबा कंपनीत जल्लाद म्हणून प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षी अपंग दिनाला माझा फोटो भिंतीवर लागला. समारंभात मॅनेजरबाई म्हणाल्या, मला अजून अशाच मुली हव्यात. जेवताना रोहित हळूच म्हणाला, "टोटल ब्लाइंड नको हं पण. मागे एकदा आमची फसवणूक झालीये." मी मान हलवली. समोर गुलाबजाम होता. मी तो खाल्ला.

त्यानंतर वर्षभराने वरून हुकूम आला. परदेशातल्या मोठ्या साहेबांना पूर्ण अंध माणसंच कामावर हवी होती, कम्प्युटरवर बोलणारा प्रोग्रॅमसुद्धा विकत घेतला गेला होता. रोहित माझ्याकडे आला. "वैशाली, ती त्या दिवशी पडली ती मुलगी, आठवते? तुझी तशी ओळख नव्हती म्हणा, पण वर्गात विचारून बघशील का?" मला रडूच आलं, आनंदाने. मला वाटलं, सुटले. देणं फिटतंय, आणि तेही काही कबूल न करता. किती स्वस्तात सुटायला निघाले होते मी.

त्या शनिवारी मंडईत गेले. मावशीने मला ओळखलं. "सुनंदे, तुझी मैतरीण आली बघ," म्हणून हाक मारली. सुनंदा गाळ्यामागे पोत्यावर बसून मटार सोलत होती. तीन वर्षं ती मटार सोलत होती, लसूण निवडत होती, कढीपत्त्याच्या जुड्या बांधत होती. बोटं त्याच वेगाने चालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं: पूर्ण अंधच हवेत, प्रोग्रॅम आहे, पगार असा, बस अशी. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "हितून बस कुठं थांबते?" मी सांगितलं. "प्रोग्रॅमचा वेग वाढवता येतो का?" येतो म्हटलं. "अर्जावर काय लिवायचं?" मी म्हटलं, "खरं." ती म्हणाली, "बरं झालं. येईन मी. काम पायजेच हाय." मावशीने मला डबाभर सोललेले मटार दिले, पैसे घेतले नाहीत. घरी येताना मी बसमध्ये गाणं गुणगुणत होते. मंडईत त्या अर्ध्या तासात तिने मला एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

अर्ज-मुलाखत झाली आणि पुढच्या महिन्यात ती रुजू झाली. उघडी काठी टेकत आली, भिंतीला स्पर्श करत, खुर्ची चाचपून बसली. बोलण्यात मंडईतल्या बोलीचा मागमूस नव्हता. तीन वर्षांत तिने पुस्तकातली मराठी कुठून आणि कशासाठी कमावली ते तिलाच ठाऊक. रोहित तिला सगळ्यांची ओळख करून देत माझ्या टेबलापाशी आला. "आणि ही वैशाली. हिच्यामुळेच तुमचा पत्ता लागला. तुम्ही एकाच वर्गात होतात ना?" मी हात पुढे केला. सुनंदाने दोन्ही हात जोडले आणि शांतपणे म्हणाली, "असू सर. पण आमची फारशी ओळख नाही."

शब्दही माझेच आणि चालही माझीच. त्या ऑफिसातल्या खोल्यांच्या भिंती छतापर्यंत जातच नाहीत. मी आत उजेडात बसून ते बोलत होते तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती, आणि तिच्या कानांना काय काय ऐकू येतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रोहित हसला, "मग आता होईल ओळख!" आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

नऊ वर्षं आम्ही एका रांगेत बसलो. ती माझ्या पुढे गेली, जायचीच होती. माझी नळी बारीक होत होत सहाव्या वर्षी मिटली. आता फोटोतल्या जिद्दी मुलीला घरी पाठवावं लागणार, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा बोलणारा प्रोग्रॅम मला शिकवायची जबाबदारी सुनंदाने स्वतःहून मागून घेतली. चार महिने रोज दुपारी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिने माझी नोकरी वाचवली, यात काही शंका नाही. एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही कंटाळली नाही. एके दिवशी मला राहवलं नाही. तिचा हात धरून मी म्हटलं, "सुनंदा, मी त्या दिवशी..." तिने हात हलकेच सोडवून घेतला, माझं बोट उचलून योग्य त्या बटणावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, आपण आता हे दाबा."